लंबकाचे अडीच मिलिमीटर

एफ. वाय. बी. एस्सी.च्या फिजिक्सची जर्नलं एकावर एक रचली आणि प्रत्येकातलं साध्या लंबकाचं पान उघडत गेलं, तर शेवटच्या ओळीत एकच आकडा भेटत राहतो. जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, बरोबर ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. क्वचित कुणाचा ९.८०, कुणाचा ९.८२. दोरा वेगळा, बॉब (दोऱ्याला टांगलेला गोळा) वेगळा, स्टॉपवॉच धरणारा हात वेगळा, आणि उत्तर तेच. ज्या मुलाचं किंवा मुलीचं उत्तर ९.७७ आलं असेल, तिथे खोडरबर फिरलेलं दिसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या बॅचमधलं सगळ्यात चांगलं रीडिंग बहुधा त्या खोडलेल्या जागीच होतं.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात कुठेही लंबक टांगा, जी ९.८१ येत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी जराशी फुगलेली आहे, म्हणून गुरुत्वत्वरण ध्रुवावर ९.८३२ आणि विषुववृत्तावर ९.७८० असतं. आपण साधारण १५ ते २२ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, म्हणजे विषुववृत्ताच्या बाजूला राहतो. अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सूत्रात घातली की मुंबईला ९.७८६ च्या आसपास येतं, पुण्याला ९.७८४, नागपूरला पुन्हा ९.७८६, पणजीला ९.७८४. पुण्याला जाताना घाट चढून साडेपाचशे मीटर वर गेलो तरी फरक तिसऱ्या दशांशातच राहतो. ९.८१ हा लंडन-पॅरिसकडचा आकडा आहे. १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं हिशोबाच्या सोयीसाठी ठरवलेलं ९.८०६६५ हे प्रमाण मूल्यसुद्धा ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचं. आपल्या पुस्तकांत तो आकडा आला, तिथून परीक्षेत गेला आणि लॅबमध्ये ठाण मांडून बसला.

हा फरक किती मोठा, हे डोळ्यांनी बघता येतं. ज्या लंबकाची एक झुल, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर एका सेकंदाची असते, त्याची लांबी लंडनला ९९.४१ सेंटिमीटर भरते आणि मुंबईला ९९.१५. फरक अडीच मिलिमीटरहून थोडा जास्त. साध्या मीटरपट्टीवर सहज मोजता येईल एवढा. लंडनला बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ लांबी न बदलता मुंबईत आणून टांगलं, तर ते रोज जवळपास दोन मिनिटं मागे पडेल.

तर मग वर्गातल्या साध्या लंबकानं हा फरक पकडता येतो का? येतो, पण नेहमीच्या पद्धतीनं नाही. आधी नेहमीची पद्धत बघू.

दोरा एक मीटर घ्यायचा, २० आंदोलनांचा (जाऊन परत येणं हे एक आंदोलन) वेळ मोजायचा, २० नं भागून आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, काढायचा. मग ३९.४८ ला (पायच्या वर्गाची चौपट) मीटरमधल्या लांबीनं गुणायचं आणि आवर्तकालाच्या वर्गानं भागायचं, जी मिळाला. समजा २० आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले, तर जी येतो ९.८२. त्याऐवजी ४०.२ लागले, तर ९.७७. सेकंदाच्या एक दशांशानं उत्तर लंडनहून निघून आपल्याही खाली घसरतं. आणि बरोबर ९.८१ हवा असेल तर घड्याळात ४०.१२ दिसायला हवं. हातानं दाबलेल्या स्टॉपवॉचमध्ये एवढी नेमकी वेळ ठरवून आणता येत नाही. पहिल्यांदा ४०.३१, दुसऱ्यांदा ४०.०४, तिसऱ्यांदा ४०.१९ अशीच रीडिंग येतात. यायलाच हवीत.

डिजिटल स्टॉपवॉचवर सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो, म्हणून जर्नलमध्ये ‘वेळेतली चूक ०.०१ सेकंद’ लिहिण्याची पद्धत पडली आहे. ०.०१ हा घड्याळाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारा सर्वांत लहान भाग, झाला. डोळ्यानं बॉब बघून, मेंदूनं निर्णय घेऊन, अंगठ्यानं बटण दाबण्यातला डगमगाट ०.१ ते ०.२ सेकंदांचा असतो. तो कुणी सांगावा लागत नाही. त्याच लंबकाची २० आंदोलनं दहा वेळा मोजा आणि दहा आकडे किती पसरतात ते बघा, तुमच्या हाताची चूक समोर येते. हे करायला सात-आठ मिनिटं लागतात. प्रॅक्टिकलच्या पहिल्याच दिवशी हे करून घ्यावं, बाकी सगळं नंतर.

आता हिशोब. जीच्या चुकीत लांबीची टक्केवारी एकदा येते आणि वेळेची दोनदा, कारण सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे. ४० सेकंदांत ०.२ सेकंदांची चूक म्हणजे अर्धा टक्का. दुपटीनं एक टक्का. लांबी एक मिलिमीटरपर्यंत बरोबर धरली तर आणखी एक दशांश टक्का. एकूण १.१ टक्के, म्हणजे जीमध्ये ०.११. म्हणजे २० आंदोलनांच्या लंबकाचं प्रामाणिक उत्तर ‘९.८ अधिक-उणे ०.१’ एवढंच आहे. त्यात दुसरा दशांश लिहिण्याचा अधिकारच मिळालेला नाही. कॅल्क्युलेटरवर ९.७७१८४३२ दिसतं म्हणून ते सगळे आकडे उतरवणं आणि रीडिंग बसवून ९.८१ लिहिणं, दोन्ही एकाच जातीच्या चुका आहेत. दोन्हीकडे न मोजलेलं मोजलं म्हणून लिहिलेलं असतं.

१०० आंदोलनं घेतली की तीच ०.२ सेकंदांची चूक २०१ सेकंदांवर पसरते. वेळेचा वाटा ०.२ टक्क्यावर येतो. तेच १०० पाच वेळा मोजून सरासरी घेतली तर वेळेतली चूक पाचच्या वर्गमुळानं, म्हणजे सव्वादोन पटींनी, आणखी घटते. सोबत लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नेली, तर जीची चूक ०.०१४ च्या घरात येते. आता ९.७९ आणि ९.८१ वेगळे ओळखता येतात. पाच वेळा १०० आंदोलनं म्हणजे १७ मिनिटं. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये ती सहज बसतात. मात्र हाताची चूक अशी खाली आणली की इतके दिवस तिच्याखाली लपलेल्या बाकीच्या चुका डोकं वर काढतात, आणि खरं फिजिक्स तिथून सुरू होतं.

पहिली चूक टांगण्याची. दोरा नुसता स्टँडच्या दांडीला गाठ मारून टांगला, तर बॉब हलताना दोरा दांडीवर थोडा गुंडाळला जातो, सुटतो, आणि लांबी प्रत्येक झोक्यात बदलते. म्हणून बुचाचे उभे दोन भाग करून त्यांच्यामध्ये दोरा धरतात आणि क्लॅम्पनं आवळतात. दोरा जिथून बुचाबाहेर येतो ती कड सपाट आणि धारदार हवी. लांबी तिथून मोजायची. बूच झिजून कड गोल झाली असेल तर ते बदलून मागावं, संकोच करू नये. स्टँड हलका असेल तर तोही बॉबबरोबर डुलतो. एक बोट स्टँडवर ठेवून बघा, कंप जाणवतो. पायावर वजन ठेवा किंवा स्टँड टेबलाला आवळून टाका. लांबी मोजताना बॉब लटकलेला असावा, कारण सुती दोरा भारानं ताणतो. आणि मीटरपट्टीच्या शून्याच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या बॅचेसनी झिजवलेलं असतं, म्हणून १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजून शेवटी १० वजा करावेत.

पंखा बंद. मार्च-एप्रिलमध्ये हे जिवावर येतं, पण एक मीटरच्या दोऱ्यावरचा बॉब छताच्या पंख्याखाली सरळ रेषेत झुलत नाही, हळूहळू लंबवर्तुळात फिरायला लागतो. बॉब सोडतानाही तसंच. बोटांनी ढकलायचं नाही, बाजूला ओढून हलकेच सोडायचं. तिरका धक्का लागला असेल तर थांबवून पुन्हा सोडा. लंबवर्तुळातली १०० आंदोलनं मोजून काही मिळत नाही.

वेळ कुठे मोजायची, हा प्रश्न व्हायवाला विचारतात आणि प्रयोगात विसरतात. बॉब टोकाला क्षणभर थांबतो, म्हणून तिथे घड्याळ दाबणं सोपं वाटतं. पण टोकाजवळ तो इतका सावकाश असतो की नेमका कधी थांबला हे ठरवताच येत नाही. मध्यावरून तो सर्वांत जास्त वेगानं जातो, खडूची रेघ क्षणात ओलांडतो, म्हणून क्षण नेमका पकडता येतो. बॉब शांत लटकत असताना मागच्या भिंतीवर किंवा खालच्या टेबलावर खडूनं रेघ मारून घ्या. दोन-चार झोके तसेच जाऊ द्या, हाताला ताल सापडू द्या, मग रेघेवर ‘शून्य’ म्हणत घड्याळ सुरू करा.

‘शून्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सुरुवातीलाच ‘एक’ म्हटलं, तर २० पर्यंत मोजेस्तोवर आंदोलनं १९ च होतात. आवर्तकाल ५ टक्के कमी, आणि जी १०.८. एखाद्याच्या जर्नलमध्ये १०.८ दिसला की बाकी काही न बघता सांगता येतं की मोजणी ‘एक’पासून सुरू झाली होती. प्रत्येक चुकीचा असा स्वतःचा ठसा असतो. लांबी बॉबच्या हुकापर्यंतच मोजली आणि मध्यापर्यंतचा सेंटिमीटर विसरला, तर जी एक टक्क्यानं उतरतो, ९.६९. म्हणून चुकलेलं उत्तर कधी खोडू नये. ते कुठे चुकलं हे त्याच्याच अंगावर लिहिलेलं असतं, आणि रबर फिरवला की तो पुरावा जातो.

आता झोक्याचा कोन. वर्गात साध्या लंबकाचं समीकरण मांडताना फळ्यावर एक ओळ येते: कोन लहान असेल तर साइन थीटाऐवजी थीटा घेऊ. वहीत ती उतरते आणि पुढच्या पानावर विसरली जाते. थिअरीचा तास मंगळवारी, प्रॅक्टिकल शुक्रवारी, आणि दोघांची भेट होत नाही. ही भेट लंबकावर घडवता येते. त्या ओळीत आपण जे सोडून दिलं, त्यानं आवर्तकाल किंचित वाढतो: रेडियनमधल्या कोनाचा वर्ग भागिले १६, एवढ्या पटीनं. ५ अंशांना ही वाढ दहा हजारांत पाच, कुणाच्या लक्षातही येणार नाही. १० अंशांना जी ९.७५ वर येतो. २० अंशांचा झोका कायम ठेवता आला तर ९.६४. एक मीटरच्या दोऱ्यावर २० अंश म्हणजे बॉब ३४ सेंटिमीटर बाजूला ओढणं, आणि नीट दिसावं म्हणून बरेच जण एवढंच ओढतात. ३ अंश म्हणजे जेमतेम ५ सेंटिमीटर. तेवढंच ओढा, जीवरचा परिणाम तिसऱ्या दशांशात जातो. एकदा मुद्दाम ५ सेंटिमीटरवरून आणि एकदा ३४ सेंटिमीटरवरून सोडून दोन्ही वेळा ५० आंदोलनं मोजा. मोठा झोका कमी होत जातो म्हणून पूर्ण फरक मिळणार नाही, पण तो हाताच्या चुकीपेक्षा स्पष्ट मोठा येतो. फळ्यावरची ओळ घड्याळात दिसते.

गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात एक ठरलेलं गणित असतं: विषुववृत्तावर वस्तूचं वजन शून्य व्हायचं असेल तर पृथ्वीनं किती पटींनी जोरात फिरावं? उत्तर १७ पट, म्हणजे दिवस सुमारे ८५ मिनिटांचा. ते गणित सोडवताना विषुववृत्तावरचं केंद्रोत्सारी त्वरण ०.०३४ असं काढावं लागतं. ध्रुव आणि विषुववृत्त यांच्यातल्या ०.०५२ च्या फरकातला मोठा वाटा तोच, उरलेला पृथ्वीच्या फुगीरपणाचा. म्हणजे मुंबईचा जी लंडनपेक्षा कमी का, हे मुलांनी मंगळवारी सोडवलेलंच असतं.

हे पहिल्यांदा कळलं तेही एका न जुळणाऱ्या रीडिंगमुळेच. १६७२ साली फ्रेंच अकादमीनं खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, विषुववृत्तापासून फक्त ५ अंशांवरच्या कायेनला पाठवलं. काम मंगळाच्या निरीक्षणांचं होतं. पॅरिसला बरोबर लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याला लंबक सुमारे २.८ मिलिमीटर आखूड करावा लागला. घड्याळ प्रवासात बिघडलं, उष्णतेनं दांडी वाढली, असं म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. त्यानं लांबी पुन्हा पुन्हा मोजली आणि आकडा आहे तसा नोंदवला. पुढे न्यूटननं १६८७ च्या ग्रंथात पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याच्या मांडणीत या नोंदी वापरल्या. रिशेनं रीडिंग पॅरिसच्या लांबीवर बसवलं असतं तर हा पुरावा त्याच्या जर्नलमध्येच मेला असता.

साध्या लंबकाची एक अडचण मात्र कितीही काळजी घेतली तरी सुटत नाही. लांबी मोजायची ती एका मऊ, ताणणाऱ्या दोऱ्याची, आणि तीही गोळ्याच्या आतल्या एका न दिसणाऱ्या बिंदूपर्यंत. त्याचं उत्तर म्हणजे त्याच सत्रात पुढे येणारा बार पेंडुलम, आणि त्याचा थोरला भाऊ केटरचा लंबक.

बार पेंडुलम म्हणजे एक मीटरची धातूची पट्टी, दर ५ सेंटिमीटरवर भोकं. एकेका भोकातून नाइफ एजवर, म्हणजे धातूच्या धारेवर, टांगायची आणि आवर्तकाल मोजायचा. टोकाजवळ, मध्यापासून ४५ सेंटिमीटरवर टांगली तर १.६० सेकंद येतात. आत येत गेलं की आवर्तकाल कमी होतो, २९ सेंटिमीटरच्या आसपास १.५३ हा तळ गाठतो, आणि मग पुन्हा चढतो: १० सेंटिमीटरवर १.९४, ५ वर २.६३. गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ पट्टी इतकी सुस्त होते की हलतेय की नाही असं वाटावं. आलेखावर दोन्ही बाजूंना दोन खोलगट वक्र मिळतात. १.६० वर आडवी रेघ मारली की ती चार ठिकाणी कापते: प्रत्येक बाजूला ४५ आणि साडेअठरा. त्यांची बेरीज ६३.५ सेंटिमीटर. या पट्टीइतकाच आवर्तकाल असणाऱ्या साध्या लंबकाची लांबी तीच, आणि तिच्यात दोरा नाही, बॉब नाही.

या प्रयोगात दोन ठिकाणी हमखास पाणी मुरतं. एक, अंतर भोकाच्या मध्यापासून मोजलं जातं. पट्टी टेकते ती भोकाच्या वरच्या कडेवर, मध्यावर नाही. भोक एक सेंटिमीटरचं असेल तर दोन्ही अंतरांत अर्धा-अर्धा सेंटिमीटर कमी पडतो आणि जी ९.६३ येतो. बॉबची त्रिज्या विसरण्याचंच हे भावंड. दुसरं, वक्राचा तळ. २५ सेंटिमीटरला १.५३४, २९ ला १.५२६, ३५ ला १.५४०. एवढ्याशा फरकाला २० आंदोलनं मोजली तर वाढ दोन-तीन दशांश सेकंदांची, म्हणजे हाताच्या चुकीएवढीच. म्हणून तळाचे बिंदू वेडेवाकडे पडतात, आणि मुलं ते बिंदू पट्टीनं जोडत करवतीसारखा आलेख काढतात. तळाजवळ किमान ५० आंदोलनं घ्यावीत, बिंदूंमधून एकच सलग वक्र काढावा, आणि आडवी रेघ तळाला खेटून न मारता बरीच वर, जिथे वक्र चढा आहे तिथे मारावी.

हेन्री केटर हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. तरुणपणी मद्रासकडे असताना विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात त्यानं काम केलं, प्रकृती ढासळल्यावर परत गेला. त्यानं १८१७ च्या सुमारास लंबकाला दोन नाइफ एज समोरासमोर लावल्या आणि लंबक उलटा-सुलटा टांगला. सरकतं वजन हलवत हलवत दोन्हीकडचे आवर्तकाल सारखे केले की दोन धारांमधलं अंतर हीच लांबी. धातूच्या एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत. गुरुत्वमध्य नेमका कुठे हे कळायचीही गरज नाही. लंडनसाठी त्याची सेकंद-लंबकाची लांबी ३९.१३९२९ इंच आली. तेच ते ९९.४१ सेंटिमीटर. पुढे १८६५ पासून जेम्स बसेवी यांनी सर्वेक्षण खात्यासाठी भारतभर लंबक टांगत जी मोजला. १८७१ मध्ये लडाखच्या उंचावर याच कामात त्यांचा मृत्यू झाला. तिसऱ्या-चौथ्या दशांशासाठी माणसं एवढी राबली आहेत.

आणि तरी चुकतं. जर्मनीतल्या पॉट्सडॅमला उलटसुलट लंबकांनी अनेक वर्षं मोजून जी ९.८१२७४ काढला गेला. १९०९ पासून सगळ्या जगानं तोच पाया धरला. १९३६ मध्ये वॉशिंग्टनला हाइल आणि कुक यांनी, १९३९ मध्ये इंग्लंडात टेडिंग्टनला क्लार्कनं स्वतंत्रपणे मोजलं. दोघांचे आकडे पॉट्सडॅमच्या पायावर काढलेल्या मूल्यापेक्षा कमी आले, आणि त्यांनी ते तसेच छापले. शेवटी १९७१ मध्ये जीच्या मोजणीचं जागतिक जाळं नव्यानं बांधलं गेलं, तेव्हा पॉट्सडॅमचा आकडा ०.०००१४ नं जास्त असल्याचं ठरलं. साठ वर्षं मानलेल्या आकड्याशी आपलं रीडिंग जुळत नाही, हे लिहिण्याला तिथे प्रतिष्ठा होती.

आपल्याकडे हे करायला अवघड काही नाही. लॅबच्या फळ्याच्या कोपऱ्यात त्या गावचा अक्षांश, उंची आणि त्यावरून काढलेला जी कायमचा लिहून ठेवावा. जर्नलमध्ये उत्तराशेजारी अधिक-उणे किती, हे नसेल तर सही होऊ नये. आणि गुण द्यायचे ते उत्तर ९.८१ च्या किती जवळ आहे यावर नाही, तर त्या अधिक-उण्याचा हिशोब रीडिंगच्या पसाऱ्याशी जुळतो का, यावर. ‘९.८ अधिक-उणे ०.१’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, हे एका वर्षी बॅचला दिसलं की पुढच्या वर्षी मागची जर्नलं मागायला कुणी येत नाही.

शेवटी आलेख. बहुतेक ठिकाणी तो प्रयोगाची शोभा म्हणून काढतात आणि जी मात्र एकेका रीडिंगवरून काढून सरासरी मारतात. उलट करा. बॉबची त्रिज्या मिळवूच नका. बुचाच्या कडेपासून बॉबच्या वरच्या टोकापर्यंत जेवढा दोरा आणि हुक, तेवढीच लांबी घ्या: ४०, ५०, ६० असं करत १२० सेंटिमीटरपर्यंत. प्रत्येक लांबीला १०० आंदोलनं. एकाला वेळ पुरत नसेल तर दोघांनी लांब्या वाटून घ्या. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर आवर्तकालाचा वर्ग. नऊ बिंदू पडले की पट्टी अशी ठेवा की काही बिंदू वर राहतील, काही खाली. रेघ शून्यातून जावी म्हणून पट्टी जबरदस्तीनं वळवू नका, इथेच सगळ्यांचा हात चुकतो. रेघेचा चढ मीटरमागे ४.०३ च्या जवळ येतो, ३९.४८ ला त्यानं भागलं की जी मिळतो, आणि त्रिज्या विसरल्याचा त्यावर काहीच परिणाम होत नाही, कारण सगळे बिंदू सारखेच सरकलेले असतात.

आता ती रेघ खाली डावीकडे वाढवत न्या. ती शून्यात येत नाही, आडव्या अक्षाला शून्याच्या अलीकडे, उणे बाजूला कापते. बहुधा एक सेंटिमीटरच्या आसपास, दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे. बॉबला स्पर्श न करता, नुसत्या वेळा मोजून मिळालेली ती बॉबची त्रिज्या. ती जर्नलमध्ये लिहा. मग व्हर्नियर कॅलिपर घ्या, जबडे रिकामे मिटून झिरो एरर (शून्य शून्यावर येतो की नाही) बघा, बॉब हुकावरून काढा आणि तीन वेगवेगळ्या बाजूंनी त्याचा व्यास मोजा.